भरतीच्या धावण्याची तयारी: अंबाजोगाईजवळच्या एका निवासी अकॅडमीचा पाच महिन्यांचा अनुभव

हा अभिप्राय अंबाजोगाईच्या बाहेर, बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर असलेल्या, लष्कर आणि पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका निवासी अकॅडमीबद्दल आहे. तेथे माझा भाचा नोव्हेंबरपासून राहतो आहे. त्याआधी तो दुसऱ्या एका अकॅडमीत जेमतेम महिनाभर होता आणि तेथून पाय मोडून घरी आला. त्यामुळे या लेखनात तुलना अपरिहार्य आहे. दोन्ही संस्थांची नावे दिलेली नाहीत, कारण एकीबद्दल माझी तक्रार आहे आणि दुसरीच्या मेसमध्ये माझा भाचा अजून दोन्ही वेळा जेवतो.

भाच्याचे गाव केज तालुक्यात आहे. आई-वडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. पोरगा बारावी झाल्यावर त्याने अग्निवीर व्हायचे ठरवले, तेव्हा पहिल्या अकॅडमीची फी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून भरली गेली. ती फी परत मिळाली नाही. दुसऱ्या वेळेस पैसे मी भरले आणि म्हणूनच या वेळी कोठे, काय, कसे शिकवतात, हे स्वतः जाऊन पाहिले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. धावण्याच्या शास्त्रात माझा अधिकार नाही, परंतु नोंदी ठेवण्याची सवय आहे.

अपेक्षा नेमकी काय असते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पालकांना ते बहुधा माहीत नसते. लष्कराच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटरची धाव असते. ती ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केली तर ६० गुण मिळतात आणि ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८ गुण. २०२५ च्या भरतीपासून त्यापुढचे दोन गटही धरले गेले, मात्र ६ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत पोहोचणाऱ्याच्या पदरात २४ गुणच पडतात. याशिवाय बीमवर दहा ओढी (पुल-अप) काढल्या तर ४० गुण, सहा काढल्या तर १६, आणि नऊ फुटांचा खड्डा व झिगझॅग बॅलन्स केवळ पार करावे लागतात. २०२३ पासून संगणकावरील लेखी परीक्षा आधी आणि मैदानी रॅली नंतर असा क्रम झाला आहे. बीड, लातूर आणि धाराशिव येथील मुले पुण्याच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येतात, तर परभणी, जालना, नांदेड, हिंगोलीची मुले छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाकडे. एकाच अकॅडमीत शेजारच्या खाटांवर झोपणाऱ्या मुलांच्या रॅलीच्या तारखा वेगवेगळ्या असतात, त्याचे कारण हे आहे. त्यात निम्मी मुले पोलीस भरतीचीही तयारी करत असतात. तेथे मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते, आणि मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी निम्मे मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचारच होत नाही.

पहिल्या अकॅडमीने हे सगळे एका वाक्यात गुंडाळले होते: रोज सोळाशे मारा, टायमिंग आपोआप येईल. सकाळी डांबरी रस्त्यावर पूर्ण ताकदीने धाव, संध्याकाळी पुन्हा तेच, मागे पडणाऱ्याला रगडा, म्हणजे शिक्षेचा कडक व्यायाम. तिसऱ्या आठवड्यात भाच्याची नडगी दुखू लागली, तेव्हा ‘हाड तयार होतंय, दुखणारच’ असे त्याला सांगण्यात आले. चौथ्या आठवड्यात एका मुलाने कोठून तरी आणलेले दुखण्याचे इंजेक्शन त्याने टोचून घेतले आणि त्या जोरावर आणखी चार दिवस तो धावला. नंतर जिना उतरणेही जमेना. पहिला एक्स-रे स्वच्छ आला. त्यामुळे तो कारणे सांगतो आहे असा समज पक्का झाला आणि तो समज, खरे सांगायचे तर, काही दिवस माझाही होता. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला ताणाची भेग दिसली. अस्थिरोगतज्ज्ञांनी समजावले की अशी भेग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यानंतर सहा आठवडे धावणे बंद आणि पुढे बराच काळ फक्त चालणे.

त्याच डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट या दुसऱ्या अकॅडमीला जोखताना मला सर्वांत उपयोगी पडली. दम लवकर वाढतो आणि हाड उशिरा वाढते. नियमित धावू लागल्यावर हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच साथ देऊ लागतात, मुलाला आपण तयार झालो असे वाटते आणि तो वेग वाढवतो. हाडाचे मात्र उलट असते. नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड झिजवते आणि मग त्या जागी नवे भरते, त्यामुळे पहिला महिनाभर ते पूर्वीपेक्षा थोडे कच्चेच असते. भाच्याचा पाय नेमका त्याच काळात गेला, आणि त्याच काळात पहिल्या अकॅडमीचा रगडा सर्वांत कडक होता.

आता या दुसऱ्या अकॅडमीविषयी. ती चालवणारे गृहस्थ निवृत्त हवालदार आहेत आणि सगळी मुले त्यांना उस्ताद म्हणतात. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी फीबद्दल बोलण्याआधी विचारले की घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का, आणि धावताना मुलाला कधी चक्कर येऊन तो पडला आहे का. हृदयाचा छुपा दोष असलेल्या मुलाला वाचवणारे हे दोन प्रश्न आहेत, हे मला नंतर कळले. डॉक्टरांचा दाखला आणि हिमोग्लोबिनचा अहवाल असल्याशिवाय ते मुलाला मैदानावर घेत नाहीत. मोडलेल्या पायाची फाईल त्यांनी पूर्ण वाचली आणि पहिल्या सहा आठवड्यांत टायमिंग विचारायचे नाही, ही अट उलट मलाच घातली.

ते सहा आठवडे पालकांचा संयम पाहणारे असतात. पहिल्या रविवारी एकदा १६०० मीटरची वेळ घेतली गेली. भाच्याला ६ मिनिटे ४८ सेकंद लागले. त्यानंतर आठवड्यातून चारच दिवस धावणे, तेही मिळून साधारण १२ किलोमीटर, आणि असे की धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. उस्ताद स्वतः सायकलवरून बरोबर येतात आणि मध्येच एखाद्याला त्याच्या गावातील सरपंचाचे नाव, शाळेचे नाव, काल जेवायला काय होते, असे काहीबाही विचारतात. ज्याचे उत्तर तुटक येते त्याला चालायला लावतात. रस्त्याने ट्रॅक्टरवरून जाणारे लोक या कूर्मगतीला हसतात आणि मुलांना ते फार लागते. माझ्या बहिणीने फोनवर विचारले होते की पोरगा पळतोय की वरातीत चाललाय. परंतु धावण्याचा पाया या संथ किलोमीटरांतच घातला जातो आणि मुलांना मनासारखे करू दिले तर ती नेमके हेच टाळतात. आठवड्याचे अंतर मागच्या आठवड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच वाढवायचे आणि दर चौथ्या आठवड्यात ते कमी करायचे, असा त्यांचा हिशेब आहे. दहा टक्क्यांचा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, एक अंदाज आहे, पण उतावळ्या पोराला तो आवर घालतो. एप्रिलपर्यंत भाचा आठवड्याला ३२ किलोमीटरपर्यंत आला आणि त्याची नडगी दुखलेली नाही.

दर रविवारी प्रत्येकाची नडगी अंगठ्याने दाबून पाहिली जाते. दुखणे नडगीच्या आतल्या कडेने चार बोटे लांबीभर पसरलेले असेल तर अंतर निम्मे करून मुरुमाच्या मैदानावर धावायचे. दुखणे एका बोटाखाली, हाडावर, ठरावीक ठिकाणी असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर धावणे त्याच क्षणी बंद आणि दवाखाना. माझ्या भाच्याला पहिल्या ठिकाणी एवढे जरी कोणी केले असते, तर त्याचा हंगाम वाचला असता. बॅगांची झडतीही होते आणि इंजेक्शन किंवा दुखण्याच्या गोळ्या सापडल्या तर घरी फोन जातो. दुखणे झाकून धावणे हाडाला घातक, आणि उन्हात, अंगातले पाणी कमी झालेले असताना घेतलेल्या अशा गोळ्या मूत्रपिंडाला घातक, हे उस्ताद त्यांच्या शब्दांत, जरा ओरडून, समजावतात.

जानेवारीपासून वेगाचा सराव सुरू झाला, आठवड्यातून एकदा आणि फेब्रुवारीपासून दोनदा. येथे अकॅडमीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मैदान खरोखर टेपने मोजलेले आहे. ४०० मीटरची फेरी मुरुमावर फक्कीने आखलेली आहे आणि दर २०० मीटरवर खुंटी आहे. साडेपाच मिनिटांत चार फेऱ्या म्हणजे एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद, म्हणजे प्रत्येक खुंटीला सुमारे ४१ सेकंद. उस्ताद ४१ सेकंदांनी शिट्टी वाजवतात आणि मुलाने शिट्टीच्या वेळी खुंटीजवळ असायचे, ना पुढे ना मागे. ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. भाच्याची जुनी सवय पहिली फेरी ७० सेकंदांत मारून तिसऱ्या फेरीत छाती भरून येण्याची होती. रॅलीत शेकडो मुले एकाच वेळी सुटतात, कोपर मारून पुढे घुसतात, तेव्हा पहिल्या फेरीत स्वतःला आवरणे हेच कौशल्य ठरते, आणि ते ४०० मीटरच्या सहा तुकड्या, मध्ये दोन मिनिटे चालणे, असा सराव महिनोन्महिने केल्यावरच अंगवळणी पडते. फेब्रुवारीअखेर त्याची वेळ ५ मिनिटे ५८ सेकंद होती. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ५ मिनिटे ४१ सेकंद झाली.

अकॅडमीच्या भिंतीवर अविनाश साबळे यांचे मोठे चित्र आहे. बीड जिल्ह्यात ते नसेल अशी अकॅडमी बहुधा सापडणार नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा मुलगा, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, तेव्हा अभिमान साहजिकच आहे. फक्त त्या चित्राखाली ‘जिद्द’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ मुले दुखणे अंगावर काढणे असा घेतात. साबळे आधी महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाले, सियाचीनला राहिले आणि स्पर्धेतले धावपटू त्यानंतर झाले. एका महिन्यात काही झाले नाही, ही त्या आयुष्यातली साधी बाब चित्राखाली कोणी लिहीत नाही.

उन्हाबद्दल मात्र मला या अकॅडमीशी भांडावे लागले. मार्चअखेरीस मराठवाड्यात पारा चाळिशीकडे सरकू लागतो, तरी संध्याकाळचा सराव साडेचारलाच होता, कारण सहानंतर लेखी परीक्षेचा वर्ग असतो. त्या वेळी जमीनही तापलेली असते. भरतीच्या धावेत मृत्यू होतात, ही काल्पनिक भीती नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले आणि ते अंतर कमी करावे लागले. २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावेच्या काळात दहाहून अधिक तरुण गेले. मी हे उस्तादांना तोंडावर सांगितले. त्यांनी आठवडाभर मनावर घेतले नाही, मग एका मुलाला मैदानावर उलटी होऊन तो असंबद्ध बोलू लागला. त्यानंतरच्या दहा मिनिटांबद्दल मात्र मी त्यांना पूर्ण गुण देईन. मुलाला घाम येत होता, त्यामुळे इतरांना ते साधी चक्कर वाटले. परंतु धावताना येणाऱ्या उष्माघातात घाम चालू असूनही शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि बोलण्यातला गोंधळ हीच खरी खूण असते. उस्तादांनी जीप बोलावली, पण ती येईपर्यंत वाट पाहिली नाही. मैदानाच्या कडेला पाण्याचा पिंप आणि ओली गोणपाटे कायम ठेवलेली असतात. मुलाला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतत राहिले, मेसमधला बर्फ आणला आणि तो शुद्धीवर नीट उत्तरे देऊ लागल्यावरच गाडीत घातले. आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हा क्रम त्यांना फौजेने शिकवलेला आहे. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा सराव साडेसहाला गेला. रॅली उन्हाळ्यात येऊ शकते, म्हणून उन्हाची सवय करायची तर ती दहा-पंधरा दिवसांत, थोड्या थोड्या वेळाने, हलक्या धावण्याने करता येते. त्यासाठी पूर्ण वेगाच्या तुकड्या भर उन्हात मारण्याची गरज नाही.

मेस हा या संस्थेचा कच्चा दुवा आहे. महिन्याला साडेसहा हजार रुपयांत राहणे, जेवण आणि प्रशिक्षण मिळते, तेव्हा पंचपक्वान्नांची अपेक्षा नाही, परंतु सकाळी पाच किलोमीटर धावलेल्या मुलाच्या ताटात पाण्यासारखे वरण, भात आणि बटाटा हे पुरेसे नाही. अंडी आठवड्यातून दोनदा, दूध नाही. ज्वारीची भाकरी मागितली तर वेळ लागतो म्हणून पोळीच मिळते, हे तर मराठवाड्यात लाजिरवाणे आहे. मी आता दर आठवड्याला शेंगदाणे, गूळ, भाजलेले हरभरे आणि सोयाबीनच्या वड्या पाठवतो आणि एका दूधवाल्याकडे अर्ध्या लिटरचा रतीब लावला आहे. झोपेचेही तसेच. साडेचारला उठवतात आणि रात्री साडेदहापर्यंत अभ्यासिकेत बसवतात, म्हणजे झोप सहा तास. अठरा वर्षांच्या मुलाला आठ तास लागतात आणि झिजलेले हाड भरून येण्याचे काम झोपेतच होते, हे उस्तादांना पटते, पण वेळापत्रक बदलत नाही.

बूट प्रवेशाच्या दिवशीच अकॅडमीतून घ्यायला सांगतात. तोच जोड मला लातूरच्या दुकानात साडेतीनशे रुपयांनी स्वस्त मिळाला, शिवाय दुकानदाराने दोन मापे घालून, चालून पाहू दिले. अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली पाहिजे आणि टाच हलता कामा नये, एवढे पाहिले तरी पुरते. लेखी परीक्षेचा वर्ग सुमार आहे, त्यासाठी येथे येऊ नये.

मुलींच्या बाबतीत मी अधिक कठोर लिहिणार आहे. अकॅडमीत चौदा मुली आहेत, बहुतेक पोलीस भरतीच्या. त्यांच्यासाठी एकच स्वच्छतागृह आहे आणि एकही महिला प्रशिक्षक नाही. माझ्या एका सहकारी शिक्षिकेची मुलगी तेथे आहे. तिची पाळी तीन महिने आली नाही आणि हे कोणाला सांगावे, हेच तिला कळत नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की खाणे कमी आणि धावणे जास्त झाले की असे होते, आणि अशा वेळी हाडे ठिसूळ होऊन भेग पडण्याचा धोका वाढतो. जी संस्था मुलांच्या नडग्या दर रविवारी दाबून पाहते, तिने चौदा मुलींसाठी एक परिचारिका महिन्यातून एकदा बोलावणे अवघड नव्हते. मी आणि त्या शिक्षिका दोघांनी लेखी विनंती दिली आहे. उत्तर आलेले नाही.

धावण्याच्या प्रशिक्षणासाठी मी या अकॅडमीला पाचपैकी साडेचार देईन, निवास आणि मेससाठी दोन, आणि मुलींच्या सोयीसाठी त्याहूनही कमी. रॅलीला दीड महिना उरला असताना येथे मूल आणून सोडणाऱ्या पालकांना उस्ताद परत पाठवतात आणि त्यामुळे उस्तादांचीच फी बुडते, हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याच्या हातात चार-पाच महिने आहेत, त्याने यावे. भाच्याची लेखी परीक्षा आता जवळ आली आहे. त्याला सकाळच्या धावण्यासाठी तेथेच ठेवून अभ्यासाला दुपारी माझ्या घरी आणायचे ठरले आहे, आणि बीमवर तो अजून आठच ओढी काढतो, म्हणून आमच्या अंगणातल्या कडुलिंबाला कालच लोखंडी पाईप बांधून घेतला.